काजळी दिलेला साचा

मी चौथीत शाळा सोडली. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे म्हातारा उगाच शिकल्यासारखा बोलतोय असं पुढं कुणी म्हणायला नको. शिकलो ते भट्टीवर. कोल्हापुरात एका फौंड्रीत मी छत्तीस वर्षं मोल्डर होतो. मोल्डर म्हणजे वाळूत साचा करायचा आणि त्यात वितळलेलं बीड ओतायचं. बीड म्हणजे ओतीव लोखंड. आमच्याकडं नांगराचे फाळ निघायचे. माझ्या हातचा फाळ घेऊन कुणी शेतकरी तक्रार करत परत आला नाही. हे बढाई म्हणून सांगत नाही. म्हणजे, बढाईच आहे, पण खरी आहे.

मला एकच मुलगी. लहानपणी ती माझा डबा घेऊन फौंड्रीच्या फाटकापर्यंत यायची आणि परत जायचं नावच काढायची नाही. लोखंड पाण्यासारखं कसं होतं, हे बघत उभी राहायची. पुढं ती धातूचंच शिकली आणि शिकत शिकत अमेरिकेत गेली. नॉर्थ कॅरोलिनात कॅरी नावाचं गाव आहे, तिथं तिचं आणि जावयाचं घर होतं. जावई औषधाच्या कंपनीत होता आणि मुलगी विद्यापीठात डॉक्टरकी करत होती. रोग्यांची नव्हे, लोखंडाची.

पंच्याऐंशी-शहाऐंशीचं साल असेल. मुलीला दिवस गेले आणि आम्ही दोघं विमानात बसलो. बायको बाळंतपण करायला निघाली होती आणि मी सामान उचलायला. सामानात डिंक होता, अळीव होते, बाळंतशेपा होत्या. बाळाचं काजळ धरायला एक पितळी दिवा, तांब्याची वाटी, वाती आणि घाण्यावरच्या एरंडेलाची बाटलीही होती. विमानतळावरच्या शिपायानं ती बाटली उघडून वास घेतला, तोंड वाकडं केलं आणि आम्हाला लगेच सोडलं.

कॅरीत मला काम नव्हतं. गाव झाडांनी भरलेलं, रस्ते गुळगुळीत आणि रस्त्यावर चालणारा माणूस मी एकटाच. तिथली माती मात्र तांबडी होती. एक दिवस मूठभर घेतली, थुंकी लावून गोळा केला, दाबून बघितला. साच्याला चालण्यासारखी होती. जावयाला दाखवली.

"मामा," तो म्हणाला, "माती चांगलीच असणार. पण तुम्ही ती शेजाऱ्याच्या लॉनमधून उकरलीय."

मुलगी रोज संध्याकाळी दमून यायची. पाय सुजलेले, तोंड उतरलेलं. मला वाटायचं दिवस भरत आलेत म्हणून असेल. एकदा जेवताना तिनं भाताला हातच लावला नाही, तेव्हा तिच्या आईनं खोदून विचारलं आणि मग सगळं बाहेर आलं.

तिच्या प्रबंधाचा विषय होता जुनं चिनी लोखंड. तिकडं दोन हजार वर्षांच्याही आधी लोक भट्टीत लोखंड पातळ करून ओतत होते. मी थक्क झालो. मला आपलं वाटायचं ही विद्या विलायतेहून आगगाडीबरोबर आली. तिनं फोटो दाखवले. जमिनीतून काढलेले साचे होते. मातीचे होते, ते मला कळले. पण काही साचे लोखंडाचेच होते. लोखंडाच्या साच्यात लोखंड ओतायचं.

"हा फाळाचा साचा," मी म्हणालो.

"कुदळीचा आहे, आबा."

"तेच ते. माती फोडायचंच काम ना?"

चीनहून एक अभ्यासक वर्षभरासाठी तिच्या विभागात आले होते. पन्नाशी उलटलेले, सडपातळ, कमी बोलणारे. मी त्यांना मास्तर म्हणायचो. मास्तरांनी आणि मुलीनं मिळून तसल्या साच्याच्या तीन हुबेहूब नकला करून घेतल्या होत्या. त्यात बीड ओतून कुदळ निघते का, हे करून बघायचं होतं. जुने लोक कसं काम करत असतील ते असं हातानं करून बघण्याचीही एक शाखा आहे म्हणे. मला ती सगळ्यात शहाणी शाखा वाटली.

पहिल्या साच्यात ओतलेलं बीड साच्यालाच चिकटून बसलं. छिन्नीनंही निघेना. दुसऱ्यात ओतलं तर ते उसळून बाहेर उडालं आणि साचा तडकला. आता एकच साचा उरला होता, नवा करून घ्यायला वेळ नव्हता. दोन आठवड्यांनी मास्तर मायदेशी परतणार होते. कुदळ निघाली नाही तर त्यांचं वर्ष पाण्यात गेलं असतं आणि मुलीच्या प्रबंधातलं मोठं प्रकरण गळालं असतं. त्यात डॉक्टरनं तिला भट्टीजवळ जायला बंदी केलेली.

मी विचारलं, "साच्याला आतून काय लावता?"

"काही नाही. स्वच्छ करतो. आधी ब्रशनं घासतो, मग अ‍ॅसिटोननं पुसतो."

"किती स्वच्छ?"

"आरशासारखा. तोंड दिसतं त्यात."

मला हसू आवरेना. पोटुशी पोर समोर रडवेली बसलेली आणि मी हसतोय. बायकोनं डोळे वटारले.

"आबा, हसण्यासारखं काय आहे?"

"अगं, साचा म्हणजे काय दिवाळीचं तबक आहे? आमच्या फाळाचं टोक कडक व्हायला पाहिजे म्हणून वाळूच्या साच्यात तिथं लोखंडाचा तुकडा बसवायचो. चिल म्हणायचो त्याला. बीड त्याच्यावर पडलं की झटकन गार होतं आणि काचेसारखं कडक होतं. पण तो तुकडा नागडा ठेवला तर बीड त्याला मिठी मारतं. म्हणून त्याला रॉकेलच्या चिमणीवर धरून काजळी द्यायची. आणि ऊन करायचा. गार लोखंडाला हवेतला ओलावा धरतो, डोळ्याला दिसत नाही. त्याच्यावर बीड पडलं की ते उडतं. तुमचा पहिला साचा नागडा होता म्हणून चिकटला आणि दुसरा गार होता म्हणून त्यातलं बीड उडालं. छत्तीस वर्षं मी हेच केलंय."

ती माझ्याकडं बघतच राहिली. "हे मला आधी का नाही सांगितलंत?"

"तू आधी कधी विचारलंस?"

दुसऱ्या दिवशी ती मला विद्यापीठात घेऊन गेली. भट्टी इमारतीच्या मागं एका उघड्या शेडमध्ये होती. लहानशी, कोक-कोळशाची, खालून पंख्याचा वारा. आमच्या भट्टीपुढं खेळण्यासारखी, पण बांधली नीट होती. मास्तर होते, विभागाचे अमेरिकन साहेब होते आणि वर्कशॉप सांभाळणारी एक गोरी बाई होती. साठीची, कडक, अंगावरच्या एप्रनवर एक डाग नाही.

मी मराठीत बोलायचो, मुलगी इंग्रजी करायची.

मास्तरांनी शांतपणे ऐकलं आणि मग डबीतून एक चकती काढली. जुन्या साच्याचा खरा तुकडा होता, अंगठ्याएवढा. मला हातात धरायला दिला. आतली बाजू गंजानं खाल्लेली, काजळीबिजळी काही नाही.

"ते विचारतायत," मुलगी म्हणाली, "की काजळी देत होते याला पुरावा काय?"

"त्यांना सांग, दोन हजार वर्षं मातीत पुरल्यावर काजळी राहील होय? जो माणूस लोखंडात लोखंड ओतून पोट भरत होता, त्यानं काहीतरी फासलंच असणार. नाहीतर तो उपाशी मेला असता आणि हा साचा तुम्हाला सापडलाच नसता."

तिनं ते कितपत सौम्य करून सांगितलं कोण जाणे. मास्तर किंचित हसले. मग साहेब बोलायला लागले आणि मुलीचा चेहरा पडला.

"साहेब म्हणतायत, एका वेळी एकच गोष्ट बदलायची. काजळी तरी द्या नाहीतर साचा तरी गरम करा. दोन्ही केलं तर नेमकं कशामुळं झालं ते कळणार नाही."

"त्यांना विचार, सकाळी घरातून निघताना डाव्या पायात बूट घालतात का उजव्या? एकाच पायात घालून बघावं म्हणावं, कशामुळं चालता येतं ते कळेल."

"आबा!"

"सांग. जसंच्या तसं सांग."

तिनं सांगितलं. साहेब मोठ्यानं हसले. मास्तरांनी मात्र हसता हसता माझा उजवा हात धरला आणि बाही वर केली. माझ्या मनगटापासून कोपरापर्यंत ठिणग्यांचे डाग आहेत. त्यांनी ते बघितले आणि आपली बाही वर केली. त्यांच्याही हातावर तसेच दोन-तीन होते. तरुणपणी ते खेड्यातल्या भट्टीवर राबले होते, असं नंतर कळलं. त्यांनी साहेबांना इंग्रजीत काहीतरी तोडकंमोडकं सांगितलं. साहेबांनी 'करा' म्हणून मान डोलावली.

भट्टीजवळ जायचं तर एका कागदावर सही करावी लागते. मुलगी माझ्या वतीनं तो भरत होती. धंद्याच्या जागी तिनं 'निवृत्त' एवढंच लिहिलं.

"निवृत्त म्हणजे काय? मामलेदार निवृत्त होतो. मोल्डर लिही."

तिनं मोल्डर लिहिलं. खाली मी मराठीत सही केली, मोठ्या अक्षरात, चौकटीबाहेर जाईल अशी. घरी जाताना गाडीत मी तिला सांगितलं, "हे बीड चिकटलं तर मी पुन्हा आयुष्यात भट्टीविषयी तोंड उघडणार नाही." मी बोलल्याप्रमाणं वागतो, हे तिला माहीत होतं. तिच्या आईचा हट्ट पुरवतो त्याच्या दुप्पट मी स्वतःचा पुरवतो.

आता काजळी कुठून आणायची? अमेरिकेत धूर निघणारी वस्तूच नाही. शेगडी विजेची, दिवे विजेचे. जावयानं मेणबत्त्या आणल्या. मी स्वयंपाकघरात मेणबत्तीवर ताटली धरली. पिवळट पुसट काहीतरी आलं, बोट लावताच गेलं. वाढदिवसाच्या मेणबत्तीनं फाळ होत नाही. मग नजर बायकोच्या पिशवीकडं गेली. पितळी दिवा, जाड वात, एरंडेल. पेटवला आणि पाच मिनिटांत ताटलीवर अशी काळीभोर मखमल धरली की मी वा म्हणणार, तेवढ्यात छताला लावलेलं यंत्र किंचाळायला लागलं. धूर झाला की ते ओरडतं. जावई खुर्चीवर चढून त्याला टॉवेलनं वारा घालतोय आणि बायको माझ्या पुढ्यात उभी.

"अहो, ते बाळाच्या काजळाचं एरंडेल आहे!"

"थोडंच लागेल."

"थोडंच म्हणता आणि भट्टीत घालून याल. साता समुद्रापार मी बाटली छातीशी धरून आणली. इथंसुद्धा भट्टीच का? तिकडची कमी पडली?"

"पोरीची पदवी अडलीय."

ती थांबली. "अर्धं परत आणायचं," म्हणाली आणि बाटली स्वतःच फडक्यात गुंडाळून दिली.

ओतायचा दिवस उजाडला तो ढगाळ आणि दमट. मुलगी शेडच्या बाहेर, पिवळ्या पट्ट्यापलीकडं खुर्चीत बसली. साच्याची दोन्ही पानं, म्हणजे त्याचे दोन अर्धे भाग, मी भट्टीच्या कडेला ठेवून ऊन केली, इतकी की थुंकी टाकली तर नाचली पाहिजे. मग चिमट्यात धरून दिव्याच्या ज्योतीवर फिरवली. घाई करायची नाही. एका जागी जाड, एका जागी पातळ असं होता कामा नये. मास्तर शेजारी उभे राहून बघत होते, वहीत काही लिहीत नव्हते. ते मला आवडलं. दोन्ही पानं मखमलीसारखी झाल्यावर लाकडी बाकावर उताणी ठेवली आणि मी आणि मास्तर मूस, म्हणजे बीड वितळवायचं भांडं, बघायला गेलो. मुशीत बीड पिवळं पडलं होतं. त्यावरची मळी काढली. लखलखीत, पातळ. अगदी बरोबर.

चिमट्यात मूस धरून वळलो तर वर्कशॉपवाली बाई साच्याचं एक पान पांढऱ्या फडक्यानं मन लावून पुसत होती.

बिचारीचा काय दोष? छत्तीस वर्षं मी साचे काळे केले तशी तिनं जन्मभर यंत्रं स्वच्छ केलेली. काळं दिसलं, पुसलं. अर्धं पान पुन्हा आरशासारखं झालं होतं. मी ओरडलो. काय ओरडलो ते इथं लिहीत नाही, मुलीनंही त्याचं इंग्रजी केलं नाही.

"आबा, आज राहू दे," ती खुर्चीतून म्हणाली. "उद्या करू."

"उद्या नाही. बीड आज तयार आहे. मूस परत भट्टीत ठेवा, पंखा चालू करा, कोक घाला. मास्तरांना सांग, मला दहा मिनिटं द्या."

मास्तरांनी मूस आत घातली आणि स्वतः कोकचं फावडं उचललं. दोन्ही पानं गार झाली होती, ती पुन्हा आगीवर ऊन केली. दिव्यात तेल संपत आलेलं. बाटली उपडी केली, शेवटच्या थेंबापर्यंत. ती बाई लालबुंद होऊन उभी होती. मी तिला खुणेनं बोलावलं आणि दिवा तिच्या हातात दिला. तिनं तो असा धरला की ज्योत एवढीशीसुद्धा हलली नाही. हात पक्का होता बाईचा. मी पुसलेलं पान फिरवत गेलो आणि काजळी धरत गेली.

दोन्ही पानं जुळवली, पाचर मारून आवळली, उभी केली आणि ओतलं. एका धारेत, मधे न थांबता. बीड आत गेलं, वरच्या तोंडाशी तांबडं गोल दिसायला लागलं. उडालं नाही. एक ठिणगी नाही.

आता साचा किती वेळात उघडायचा हा खरा प्रश्न. लवकर उघडला तर माल फाटतो, उशिरा उघडला तर गार होता होता आकसतो आणि तडकतो. साहेबांनी घड्याळ पुढं केलं. मी ते बाजूला सारलं आणि मोठ्यानं सुरू केलं, "बे एकं बे, बे दुणे चार..." फौंड्रीत मी तसंच मोजायचो. शाळेतलं तेवढंच भट्टीवर उपयोगी पडलं. बाहेरून मुलगीही माझ्याबरोबर म्हणायला लागली, लहानपणी फाटकापाशी उभी राहून म्हणायची तशी. बे दाहे वीसला मी पाचर ठोकून काढली.

पानं उघडली आणि कुदळ आपोआप, कुणी हात न लावता, खालच्या वाळूत पडली. तांबडी, सरळ, धारेपर्यंत भरलेली. साच्याला एक कणसुद्धा चिकटलेला नव्हता.

मग साहेबांनी टाळी वाजवली आणि मास्तरांनी माझ्यापुढं कमरेत वाकून नमस्कार केला. मला तसा नमस्कार फौंड्रीच्या मालकानंही कधी केला नव्हता. मीही वाकलो. न वाकून कसं चालेल?

कुदळ गार झाल्यावर मास्तर मुलीशी बराच वेळ हळू आवाजात बोलले. मुलगी माझ्याकडं यायला संकोचत होती.

"आबा, रागावू नका. ते म्हणतायत, आतून कशी झालीय ते बघायला ती तोडावी लागेल."

"यात रागवायचं काय? आमच्यातही नव्या साच्यातला पहिला माल तोडतातच. ज्यानं ओतला त्यानंच तोडायचा असतो. हातोडा आण."

तोंडानं असं म्हणालो खरं, पण हातोडा हातात आल्यावर क्षणभर जड वाटला. फौंड्रीत पहिला तोडला की मागून शंभर यायचे. ही एकटीच होती. ऐरणीच्या कडेवर ठेवली आणि एक घाव घातला. दुसरा लागला नाही. मोडलेला भाग पांढरा, खडीसाखरेसारखा चमचमणारा. मास्तरांनी खिशातून तो जुना तुकडा काढला आणि त्याची मोडलेली बाजू शेजारी धरली. मधे दोन हजार वर्षं आणि दाणा सारखाच. ते काहीतरी बोलले, आपल्याच भाषेत. मुलीला कळलं नाही आणि मी विचारलं नाही.

अर्धी कुदळ मास्तर घेऊन गेले. अर्धी माझ्याकडं आहे.

बाटली रिकामी बघून बायको दोन दिवस बोलली नाही. नात झाल्यावर जावई औषधांच्या दुकानातून एरंडेल घेऊन आला. तिकडं ते पोट साफ व्हायला विकतात. गल्ल्यावरच्या बाईनं त्याला हळूच विचारलं होतं, किती दिवसांपासून त्रास आहे? त्या तेलाचं काजळही चांगलं धरलं. बायको म्हणाली, घाण्याचं ते घाण्याचंच. मला फरक दिसला नाही, पण मी तोंड बंद ठेवलं.

पुढं मुलीनं प्रबंध बांधून घेतला आणि ते पान मला मराठीत सांगितलं. त्यात लिहिलं होतं की लोखंडी साच्यांना काजळी दिली जात असणं शक्य आहे.

"शक्य आहे कशाला? देत होते."

"आबा, आपण देऊन बघितली आणि कुदळ निघाली, एवढंच आपल्याला म्हणता येतं. ते देत होते असं म्हणायला पुरावा नाही."

"ही अर्धी कुदळ काय मग?"

"ती तुमची आहे. त्यांची नाही."

मी दिवसभर धुमसलो. संध्याकाळी तिला म्हणालो, तुझ्या पुस्तकात तुझं राहू दे. माझं मी सांगेन. म्हणून हे लिहिलं. दोन हजार वर्षांपूर्वी तिकडं माझ्यासारखाच कुणी साचे काळे करत बसलेला होता आणि त्यालाही घरी बायको तेलावरून बोलत असणार. पुरावा नाही. पण मला माहीत आहे.